बायकोची भुवई

"अहो, करा ना सुरू," बायको म्हणाली. त्याने ते तिच्या ओठांवरून ओळखलं आणि स्टील गिटार मांडीवर आडवी घेतली.

गेल्या वर्षापासून त्याला जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. घरात त्याने कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. बायकोला तर नाहीच. या वाजवण्यावर भाळून तिने त्याच्याशी लग्न केलं होतं. तिला कुठल्या तोंडाने सांगणार?

हॉटेलं, स्टुडिओ, ऑर्केस्ट्रा, सगळीकडे त्याने ही गिटार मिरवली होती. कार्यक्रमात वीज गेली की बासरीवाला वाजवत राहायचा, ही विजेवरची बया मात्र मुकी व्हायची. "वहिनी रुसल्या!" म्हणून सगळे त्याला चिडवायचे. शिवाय हिला दाबायला पडदे नाहीत. तारांवरून पोलादी कांडी सरकवायची आणि सूर कानाने शोधायचा. कांडी केसभर हुकली की मुसळ केरात.

आणि ती हुकली, की पहिल्या रांगेत बसलेल्या बायकोची भुवई हमखास वर जायची. भारी तिखट कानाची बाई.

रविवारी जुन्या वादकांचा मेळावा होता. शेवटचं एकदा वाजवावं असं त्याच्या फार मनात होतं. पण चारचौघांत हसं झालं तर? म्हणून त्याने ठरवलं होतं, आज तिची भुवई चढली तर गिटार पेटीत जाईल ती कायमची.

बटण फिरवून त्याने तिच्या आवडीचं गाणं धरलं. तारांची थरथर बोटांना कळत होती. बाकी सगळी भिस्त हाताच्या सवयीवर. डोळे तिच्या चेहऱ्यावर.

ती त्याच्या हातांकडे टक लावून बघत होती. भुवई जागची हलली नाही. अवघड जागेला तिने अलगद मान डोलावली आणि शेवटी शेवटी पदराने डोळे टिपले.

"जाऊ का मग रविवारी?" त्याने विचारलं.

"जायचंच," ती म्हणाली. "एक सूर इकडचा तिकडे नाही."

त्याचा जीव भांड्यात पडला. त्याने तिचा हात हातात घेतला. किती प्रेम होतं त्याचं तिच्यावर!

इतक्यात सून कपड्यांची चळत घेऊन दारात आली आणि भिंतीकडे बघून तिने जीभ चावली.

"बाबा, इस्त्रीसाठी तुमच्या गिटारचा प्लग काढला, तो परत लावायचाच राहिला हो! वाजवणार होतात ना? तरीच म्हटलं, मघापासून आवाज कसा नाही."

एकमेकांकडे बघून हसत बसलेल्या त्या दोघांपैकी एकानेही मान वळवली नाही.