बारावं नाव

"सुलेखा, पळ! अगं पळ ना, बये!"

सुभेदार मोतीराम ओरडले, पण उशीर झाला होता. समोर मैदान मोकळं पडलेलं, बॉल बगलेत, आणि सुलेखा वाकून खाली पडलेल्या संस्कृतीच्या खांद्याला हात लावत होती. तो हात तिनं छातीला लावला. संस्कृतीला पाय लागला होता ना! तेवढ्यात मागून दोघी येऊन अंगावर कोसळल्या आणि बॉल गेला.

मोतीरामांनी कपाळावर हात मारून घेतला.

छावणीतल्या महिला जवानांची रग्बी टीम उभी करायचं काम त्यांच्या गळ्यात पडलं, त्याला तीन महिने झाले होते. पोरींनी रग्बी कधी बघितली नव्हती. पहिल्या दिवशी तो लांबुळका बॉल हातात घेऊन एकीनं "साहेब, हा चेपलाय" अशी तक्रारसुद्धा केली होती. पण शिकल्या. पाडायला शिकल्या, पडायलाही शिकल्या. पुण्याच्या स्पर्धेला बारा जणी जाणार होत्या. अकरा नावं पक्की झाली होती. अडलं होतं ते बारावं.

सुलेखाला पळताना धरील अशी पोर अख्ख्या छावणीत नव्हती. कन्नडजवळच्या खेड्यात शेताच्या बांधावरून पळून पळून पाय तयार झालेले. पण आई कडूबाई मोठी कडक. पाय लागला की नमस्कार, ही शिस्त तिनं लेकीच्या हाडात भिनवली होती. वहीला, ताटाला, माणसाला, झाडूलासुद्धा. आता रग्बी म्हणजे एकमेकींच्या पायात पाय अडकवायचाच खेळ! एका डावात हिचे आठ-नऊ नमस्कार सहज व्हायचे. बॉललाही सोडायची नाही.

"अगं, बॉलला लाथ मारायचीच असती!"

"मारते की साहेब. मारल्यावरच करते."

कप्पाळ! मोतीरामांनी खिशातून यादी काढली.

"हे बघ पोरी. आज शेवटचा सराव. यादी संध्याकाळी कर्नलसाहेबांकडं जायचीय. आता खेळ चालू असताना एकदा जरी वाकलीस, तर तुझं नाव मी माझ्या हातानं खोडणार. रेषेपलीकडं बॉल टेकवला की ट्राय, म्हणजे पॉइंट. तोवर थांबायचं नाय. समजलं?"

"व्हय साहेब."

पुण्याला जाणार म्हणून सुलेखानं घरी फोनवर सांगूनही टाकलं होतं. आणि खरं सांगायचं तर फोनचंही सोडा, तिला हा खेळ जिवापाड आवडायला लागला होता. रात्री झोपेतसुद्धा तिचे पाय हलायचे.

शेवटची पाच मिनिटं उरली. बॉल सुलेखाकडं आला आणि ती सुटली. संस्कृती आडवी आली, पडली, तिच्या हाताला पाय लागला. सुलेखाची मान वळली, पण पाय थांबले नाहीत. पुढं दोघी एकदम आल्या. एकीच्या पाठीला बूट लागला, दुसरीच्या पोटरीला. "आई गं!" असं सुलेखाच ओरडली, त्या नव्हे!

आता समोर फक्त मेजर करुणा मॅडम. युनिटच्या अधिकारी, पण मैदानात सगळ्यांबरोबर चिखलात लोळायच्या. त्यांनी सुलेखाच्या पायांवर झेप घेतली. पकड निसटली, मॅडम उताण्या पडल्या आणि सुलेखाचा बूट थेट त्यांच्या खांद्यावर.

सगळ्या पोरी जागच्या जागी थांबल्या. मेजरसाहेबांच्या खांद्यावर जवानाचा बूट! सुलेखाचा हात आपोआप खाली गेला. मोतीरामांचा हात पेन्सिलीकडं गेला.

सुलेखानं डोळे गच्च मिटले, हात मागं ओढला आणि पळाली. रेषा ओलांडली, वाकली आणि दोन्ही हातांनी बॉल मातीला टेकवला.

"ट्राय!" मोतीराम लहान पोरासारखे उडाले. तिथंच गुडघ्यावर कागद ठेवून त्यांनी बाराव्या नावापुढं बरोबरची खूण केली. मॅडम अंगावरची माती झटकत उठल्या आणि टाळ्या वाजवायला लागल्या.

सुलेखा मात्र अजून खालीच. मैदानाकडं तोंड करून तिनं जमिनीला हात लावला, छातीला लावला. परत जमिनीला, परत छातीला. तिसऱ्यांदा. चौथ्यांदा जरा जास्तच वाकून.

मोतीराम धावत आले. "अगं, झाला की पॉइंट! आता हे काय?"

सुलेखा धापा टाकत म्हणाली, "वाटेत राहिले होते, साहेब."