अर्ध्यावर सुटलेला डाव

सलग दहाव्या संध्याकाळी लहानू कबड्डीला गेला नाही, तेव्हा अंजनाबाई हातचं काम टाकून त्याच्यापुढे बसल्या.

"काहून गा, मास्तरानं मारलं का?"

"नाही."

"मग पोरांशी भांडला?"

"नाही. मन नाही लागत." त्यानं पुस्तकाचं पान उलटलं.

हाच पोरगा मैदानातून यायचा तो धुळीच्या पायांनी थेट चुलीशी, आणि आईच्या पदराला खुशाल नाक पुसायचा. आता पाय धुऊन आत येई, दोन पोळ्या खाऊन उठे. खेळताना फुटलेला गुडघा तर असा भरला होता, की वणसुद्धा उरला नव्हता.

इंदोऱ्याच्या त्या गल्लीतल्या सगळ्याच पोरांनी त्या वर्षी एकेक करून कबड्डीचं मंडळ सोडलं. शेजारच्या पार्वतीबाईंना त्याचं सुखच होतं.

"बरं झालं वं! माह्या केशवचा आता घरात आवाजबी नाही. वर्गात पहिला आला."

"पण तुले करमते का?"

"न करमायले काय झालं? पोरगं घरीच तर आहे," पार्वतीबाई म्हणाल्या, आणि उगाच पदराचं टोक पिळत राहिल्या.

अंजनाबाईंना मात्र आपला धुळीनं माखलेला लहानू परत हवा होता. त्या तडक मैदानाकडे निघाल्या.

मैदान ओस असणार, असं त्यांना वाटलं होतं. पण वळणावरच कबड्डी-कबड्डीचा घोष कानी आला. केशव होता, गल्लीतली सगळी पोरं होती. आणि फुटक्या गुडघ्यानं लंगडत चढाई करणारा लहानू होता.

मंडळाचे चंपतमास्तर बाकावर बसले होते.

"मास्तर, हा तर आत्ता घरी होता! पुस्तक घेऊन बसून राहिला होता!"

"असेल," मास्तर म्हणाले. "त्या शनिवारी तुम्ही दळणासाठी हाक मारली होती न? ऐन चढाईत होता. डाव अर्धा टाकून उठलं, की पोरगं अर्धंच घरी जाते, बाई. जीव इथंच राहते. या सगळ्यांचं तसंच झालं."

"अन् कोणी न्यायले नाही आलं?"

"घरी दिसते न पोरगं. कोण येणार?"

अंजनाबाई खेळणाऱ्या पोरांकडे वळल्या. त्यांनी हाक मारली, "लहानू, चाल घरी!"

"डाव संपू दे न वं माय! बस तिथं, पाह्य माही चढाई!"

किती दिवसांनी तो असा ओरडला होता! त्या बाकावर टेकल्या. या वेळी डाव अर्ध्यावर सोडायला लावायचा नाही, संपला की हात धरून न्यायचा, असं त्यांनी ठरवलं. लहानूनं एकाच दमात दोघांना बाद केलं तेव्हा त्या लहान मुलीसारख्या टाळ्या पिटून हसल्या.

तेवढ्यात मिलचा भोंगा झाला. लहानूचे वडील घरी यायची वेळ. स्वयंपाक राहिलेला. 'पटकन भाजी टाकून येते,' असं मनाशी म्हणत त्या उठल्या.

लहानूनं पुन्हा दम भरला. अंजनाबाईंनी बाकावर पाय वर घेतले आणि सहज गल्लीकडे पाहिलं. त्यांचंच लुगडं नेसलेली एक बाई, मागे वळूनही न पाहता, घराकडे चालली होती.