एका तासाची कसोटी

पलूसच्या त्या घरात रविवारी माणसं पाच होती आणि फोन दोन: लालासाहेबचा आयफोन आणि त्याच्या दाजींचा अँड्रॉइड. लालासाहेबचा धाकटा भाऊ वीरधवल फौजेत होता. त्याला चौकीवरून फक्त रविवारी चार ते पाच घरी फोन करता यायचा, म्हणून त्याची आई राहीबाई पावणेचारलाच दोन्ही फोनांसमोर येऊन बसल्या होत्या.

"दाजी, तुमची बॅटरी दुपारपर्यंतच दम धरती."

"आन् तुमचा फोन नुसता मिरवायला."

निकाल शास्त्रशुद्ध हवा, यावर मात्र दोघांचं एकमत झालं. बरोबर चारला दोन्ही फोनांवर डाउनलोड केलेला एकच सिनेमा लावला. मध्येच कुणाचा कॉल येऊन मोजमाप बिघडू नये, म्हणून दोन्ही फ्लाइट मोडवर टाकले.

"लाला, फोन चालू हायत न्हवं?" राहीबाईंनी विचारलं.

"चालू हायत म्हणून तर बॅटरी मोजतोय, आई."

राहीबाई निर्धास्त झाल्या. त्यांनी चहासुद्धा तिथंच बसून घेतला.



पाच वाजता आयफोनची बॅटरी अकरा टक्के उतरली होती, अँड्रॉइडची बारा.