मागची सीट

नात्सुहोनं किल्ली वडिलांपुढं धरली. “घ्या बाबा. हाकोनेचा घाट तुम्हीच चढवा.”

एकाहत्तर वर्षांच्या तोकुजींनी हात मागं घेतला. “नको. मी मागं बसतो.”

“घाबरलात? तरुणपणी अशीच चारशे सीसीची गाडी पळवायचात ना! फोटोत काय ऐटीत टेकून उभे आहात तिला!”

 त्यांनी हेल्मेटचा पट्टा आवळला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून मागच्या सीटवर चढले.

तिचा जरा हिरमोडच झाला. आई होती तोवर घरात मोटारसायकलचं नाव काढायची सोय नव्हती. आईला जाऊन वर्ष झालं आणि नात्सुहोनं ही गाडी घेतली. घेतली खरी, पण मनाला टोचणी लागून राहिली होती. बाबांनी एकदा चालवली असती, तर तिचा अपराध निम्मा झाला असता.

घाट सुरू झाला. गाडी अंगानं सडपातळ, वजनाला हलकी. नुसतं वळणाकडं पाहिलं तरी वळायची. फेऱ्यांचा काटा दहा हजारांच्या पुढं गेला की इंजिनाचा सूर चढायचा आणि समोरचा रस्ता धावून अंगावर यायचा. पण मागं माणूस बसलं की अशा गाडीची चाल बिघडते. तिच्या मैत्रिणी तर वळण आलं की लाकडासारख्या ताठ व्हायच्या.

बाबा ताठ झाले नाहीत. ती कलली की तेही कलत होते, तेवढेच, त्याच क्षणी. चौथ्या वळणानंतर मागं कुणी बसलंय हेच ती विसरली.

माथ्यावरच्या चहाच्या टपरीत दोघं गरम आमाझाके पीत बसले. तांदळाच्या त्या गोड पेयाची वाफ बाबांच्या चष्म्यावर धरत होती.

“मुरलेला चालवणाराच असा बसू शकतो,” ती म्हणाली.

“मला चालवता येत नाही.”

“काय?”

“कधी शिकलोच नाही. गाडी तुझ्या आईची होती. फोटो तिनं काढला, म्हणून मी एकटाच दिसतो. दर रविवारी इथं यायचो. मी असाच मागं.”

नात्सुहोनं पेला खाली ठेवला. “आणि मला सायकलसुद्धा उतारावर सोडू द्यायची नाही ती!”

“ती स्वतः गाडी कशी पळवायची, हे ठाऊक होतं ना तिला.” बाबा हसले. “तुझी चाहूल लागली त्या महिन्यात विकली. घेणारा गाडी घेऊन गेला, ती वळून आत आली, भात लावला. पुन्हा विषय नाही.”

 नात्सुहो हळूच म्हणाली, “रागावली असती का हो माझ्यावर?”

बाबांनी चष्मा पुसला. समोर उताराचा रस्ता झाडीत शिरत होता.

“हा उतार लागला की ती गाणं म्हणायची. वाऱ्यात, इंजिनाच्या आवाजात मला शब्दही ऐकू यायचा नाही.” त्यांनी तळहात छातीवर ठेवला. “तिची पाठ गुणगुणायची. इथं कळायचं.”