घरचं माप

सकाळी सव्वाअकराला परीक्षेच्या खोलीतून तिचं नाव पुकारलं गेलं. त्याच सुमारास, थोड्या अंतरावरच्या दवाखान्यात, तिच्या बाबांना ऑपरेशनसाठी आत नेत होते.

इंटिरियर डिझाइनच्या शेवटच्या वर्षाची ही तोंडी परीक्षा. विषय होता, एक खरी खोली आणि ती वापरणारा एक खरा माणूस. तिनं बाबा निवडले. अर्धांगवायूनं त्यांची उजवी बाजू लुळी पडल्यावर तिनं घरातलं बाथरूम त्यांच्यासाठी नव्यानं बेतलं, आणि नुसतं कागदावर न ठेवता करूनही घेतलं. "तुझं बरंय बाई," वर्गातली मैत्रीण म्हणाली होती, "घरचं गिऱ्हाईक. सारखी काढ-घाल करायला लावत नाही."

काल सकाळी बाबा त्याच बाथरूममध्ये पडले. खुबा मोडला.

आज ती जायलाच तयार नव्हती. आईनं धाडलं. "इथं बसून तू काय दिवे लावणार आहेस? शुद्धीवर आले की पहिलं परीक्षेचंच विचारतील. जा. माझ्यामुळं झालंय हे. फरशी पुसायला हवी होती मी."

हेच आईचं कालपासून डॉक्टरांना, शेजारणीला, मावशीला सांगून झालं होतं. फरशी ओली होती, पाय घसरला, सगळा भार आधाराच्या दांड्यावर आला, म्हणून दांडा उखडला. आईच्या मनात क्रम असा पक्का बसला होता.

मुलगी काल दुपारी कपडे आणायला घरी गेली, तेव्हा तिनं भिंतीतलं भोक पाहिलं. बोट आत घातलं तर पलीकडे पोकळी. वीट नव्हतीच. पाइप झाकायला कधीकाळी कुणी बसवलेला पातळ बोर्ड, त्यावर टाइल. फरशी तर तिनंच निवडली होती, खरबरीत, ओली असली तरी पाय धरून ठेवणारी. माप घेण्याआधी भिंत ठोकून आवाज ऐकायचा, हे पहिल्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात. लोकांच्या घरच्या कितीतरी भिंती तिनं ठोकल्या होत्या. दांडा बसवणाऱ्या फिटरनं विचारलंही होतं, "ताई, मागं वीट आहे ना?" तिनं हातातल्या स्वतःच्याच नकाशाकडे बघून सांगितलं होतं, "हो."

परीक्षेला दोघं होते. एक तिचे सर, ज्यांना मुलं पाठीमागं मिलिमीटर म्हणत, कारण चहाचा कप ठेवतानाही ते टेबलाच्या कडेपासूनचं अंतर बघत. दुसऱ्या बाहेरून आलेल्या मॅडम, केस पिकलेल्या, चष्मा कपाळावर.

"दांड्याची उंची?" सरांनी विचारलं.

"साडेसातशे मिलिमीटर. नेहमीपेक्षा पन्नास कमी. बाबा वाकून चालतात. डावा हात तिथंच पोचतो."

"वा," मॅडम म्हणाल्या. चष्मा डोळ्यांवर घेऊन त्या भिंतीवर लावलेल्या नकाशाजवळ आल्या. "माणूस बघून माप घेतलंय. हल्ली पुस्तक बघून घेतात. वापरून पाहिलं त्यांनी?"

"बावीस दिवस."

"मग? खूश आहेत ना?"

तिनं पेन्सिल घेतली. नकाशात त्या भिंतीवर विटेच्या तिरक्या रेघा होत्या, तिच्याच हातच्या, एकसारख्या. तिनं त्यांवर फुली मारली.

"इथं मी वीट दाखवलीय. वीट नाहीये. काल दांडा त्यांच्या हातात आला आणि ते पडले. आत्ता ऑपरेशनला नेलं असेल."



"भिंत ठोकून पाहिली नव्हतीस?" सरांनी विचारलं.

"घर आमचंच होतं, सर."

असल्या चुकीला सर एरवी वर्गापुढं सोलून काढत. आज त्यांनी नुसतं पेनाला टोपण घातलं.

"घरी माहीत आहे हे?" मॅडमनी विचारलं.

"नाही. आईला वाटतंय, तिनं फरशी ओली ठेवली म्हणून झालं."

"आणि तू हे आम्हाला सांगतेस?" मॅडमचा आवाज चढला नव्हता. "आम्ही कोण गं तुझे?"

तिनं नकाशे भिंतीवर तसेच सोडले आणि निघाली. दवाखाना चालत वीस मिनिटांवर. पण वाटेत दोनदा थांबली, एकदा तर मागंही वळली, आणि पोचायला एक वाजला.

ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेर बाकावर आई आणि मावशी बसल्या होत्या. आई सांगत होती, "दोन मिनिटांचं काम गं. फडकं तिथंच होतं. म्हटलं, भाजी टाकते आणि मग पुसते."

"बास झालं आता," मावशी म्हणाली. "किती वेळा तेच."

आईनं वर पाहिलं. रात्रभर न मिटलेल्या डोळ्यांत कालपासून पहिल्यांदाच जरा उजेड आला.

"आलीस? झाली का परीक्षा? काय म्हणाले गं सर आपल्या बाथरूमला?"

"आई, जरा सरक," मुलगी म्हणाली आणि तिच्या शेजारी टेकली. आईचा हात तिनं दोन्ही हातांत घेतला. "फरशीमुळं नाही झालं ते."

एक वाजून दहा मिनिटं झाली होती. आत ऑपरेशन चालूच होतं.