काकासाहेबांची मान

बंदूकवाल्या रोबोटनं माणसाला विचारल्याबिगर गोळी झाडायची नाही, असा दंडक होता. म्हणून हर्सूलच्या माळावर इंजिनिअर सुदर्शननं रिटायर फौजी काकासाहेबांना केबिनमध्ये कॅमेऱ्यापुढं खुर्चीत बसवलं. रोबोट पडद्यावर विचारणार, "उडवू का?" काकासाहेबांची मान खाली गेली, की होकार.

"आपल्या मानेबिगर गोळी सुटायची नाय!" काकासाहेबांनी मिशीला पीळ दिला.

सकाळची चाचणी झकास झाली. शत्रूचे पुतळे रंगाच्या गोळ्यांनी लाल झाले, बायकापोरांच्या पुतळ्यांवर शिंतोडाही नाही. दुपारी मोठे साहेब आले, मांडवात नान-खलियाची पंगत उठली अन् लगेच दुसरी चाचणी लागली.

या खेपेला म्हाताऱ्या बाईचा पुतळासुद्धा वाचला नाही.

"अरे, कुणाला विचारून चाललंय हे?" साहेब मांडवातून ओरडले.

सुदर्शन केबिनकडं पळाला. काकासाहेब खुर्चीत मस्त डुलक्या घेत होते. पुतळे संपले म्हणून रोबोटनं नळी मांडवाकडं वळवली होती, पण आगाऊपणा नाही, पडद्यावर अदबीनं विचारलं होतं, "उडवू का?"

 

काकासाहेबांची मान हळूच खाली आली.