पिवळं कव्हर

“‘दात काढल्यावर तोंडाला वास किती दिवस येतो,’” दुरुस्तीवाल्याने मोठ्याने वाचलं आणि मांडीवर थाप मारली. “या आपल्या नाचाच्या क्लासच्या बाई बरं का! बाहेर केवढी ऐट, आणि आत हे असं!”

चष्मेवाला आणि विमावाला खुर्च्यांवर डुलत हसले. शेजारच्या दुकानांतली ही जोडगोळी दुपारी चार वाजले की इथे हजर. फोन दुरुस्त झाला की नेट चालतं का ते बघायचं, आणि फोन उघडलाच आहे तर त्या माणसाने काय काय शोधलं तेही वाचायचं, असा या दुकानाचा शिरस्ता होता. वाचून झालं की दुरुस्तीवाला सगळं पुसून टाकायचा आणि फोन देताना गंभीर चेहरा करून म्हणायचा, “ताई, हिस्ट्री रोजच्या रोज काढत जा. जमाना वाईट आहे. या वेळी मी काढून दिलीय.” ताई बिचाऱ्या आभार मानून जायच्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

त्याचा हा सल्ला मनावर घेणारी एकच बाई होती, ती म्हणजे त्याची बायको. घरात फोनला कुलूप लावायचं नाही, नवराबायकोत कसलं आलंय लपवणं, असं त्याचं म्हणणं. संध्याकाळचं जेवण झालं की तो तिचा फोन हातात घ्यायचा, यादी कोरी दिसली की परत द्यायचा. “आमच्या हिच्या डोक्यात काही नसतं, गरीब गाय आहे,” असं मित्रांना कौतुकाने सांगायचा.

गाय आत्ता चहाचा ट्रे घेऊन आली. कप ठेवले, बिस्किटं ठेवली आणि गल्ल्यावरच्या आपल्या जागेकडे वळली. सकाळी तिने तीन गोष्टी शोधल्या होत्या आणि काढायच्या आत फोन हातातून निसटून फरशीवर आपटला होता. काचेचा चुरा झाला, बोट फिरवावं तर काही हलेना. कव्हर काढून, चुरा झटकून तिने फोन खणात सारला होता. चहा झाला की पलीकडच्या गल्लीतल्या दुसऱ्या दुरुस्तीवाल्याकडे न्यायचा, असं ठरवलं होतं.

तिने खण उघडला. खणात नुसतं पिवळं कव्हर होतं.

“गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी नसलेला एक पडला होता तिथे,” तो तिच्याकडे न बघता म्हणाला. त्याच्या हातात काळा फोन होता, नव्या काचेसकट. असले दहा फोन त्याने एकगठ्ठा आणले होते. नऊ गल्लीत खपवले, दहावा तिला दिला. कव्हर नसलं तर सगळे सारखेच. “काच बसवून टाकली. चिठ्ठी लावायला विसरलीस. लक्ष कुठे असतं गं तुझं?”

तिच्या तोंडचं पाणी पळालं. “द्या इकडे, लावते.”

“थांब की. आधी नेट तर बघू दे.”

बघता बघता तो थबकला, आणि मग त्याचा चेहरा फुलला. “अरे, ऐका, ऐका! ‘नवरा हसला की मळमळतं, उपाय.’”

विमावाल्याचा चहा बशीत सांडला. चष्मेवाल्याला ठसका लागला. सगळ्यांत जास्त दुरुस्तीवालाच हसला. पोट धरून, डोळे पुसत, तोंड वासून. दातांत बिस्किटाचा लगदा अडकला होता.

“पुढचं वाच, पुढचं!”

“‘एकट्या बाईला भाड्याने खोली.’ चालली वाटतं! आणि हे, ‘दुकानात नऊ वर्षं काम केलं, दाखला कोण देतं.’”

“म्हणजे दुकानात असते,” चष्मेवाला म्हणाला. “कुठल्या रे दुकानात आहे अशी?”

“बिचाऱ्या नवऱ्याला पत्ताही नसेल,” विमावाला म्हणाला, आणि पुन्हा हसण्याचा लोंढा आला.

तिला किळस आली. आधी त्या लगद्याची, मग त्या तिघांची, आणि मग स्वतःची. नऊ वर्षं या हसण्याबरोबर चहा तीच तर देत होती. नाचाच्या बाईंच्या फोनला चिठ्ठीही तिनेच लावली होती, आणि काल बाई जाताना तिला “बरं आहे ना?” असं विचारून गेल्या होत्या. मघाची भीती कुठे गेली ते तिला कळलंच नाही. आता नुसती घाण वाटत होती, हात धुवावेत अशी.

“चला, पुसून टाकू,” दुरुस्तीवाला डोळे टिपत म्हणाला. “फोन न्यायला आली की जरा समजावतो तिला. कुणाच्या हाती लागलं तर?”

“राहू द्या,” ती म्हणाली. “काढू नका.”

“का गं?”

ती उठली. त्याच्या हातातून फोन घेतला. खणातलं पिवळं कव्हर काढलं, फोनचा एक कोपरा त्यात बसवला, मग दुसरा, मग अंगठ्याने दाबून उरलेले दोन. फोन त्याच्यासमोर टेबलावर, चहाच्या कपाशेजारी ठेवला.

“आता समजवा,” ती म्हणाली.

चष्मेवाल्याने कप हळूच खाली ठेवला. दुरुस्तीवाल्याचं तोंड हसताना उघडलं होतं तसंच उघडं राहिलं.